वाडगा काचेत, कावळी बाहेर

मुलांनो, परवा रात्री एका वाडग्यामुळे मला झोप लागली नाही.

झालं असं. माझ्या मुलीला, गार्गीला, मी चित्रांचं पुस्तक वाचून दाखवत होते. लांब उत्तरेकडच्या मांचू लोकांबद्दल त्यात लिहिलं होतं. ते अंगणात उंच खांब रोवतात, त्याच्या टोकाला वाडगा बसवतात आणि त्यात कावळ्यांसाठी खाणं ठेवतात. खाली अशाच एका खांबाचा फोटो होता. तो खांब आता वस्तुसंग्रहालयात होता, काचेच्या आत.

"मग कावळे जेवायला तिकडे जातात?" गार्गीने विचारलं.

"झोप आता," मी म्हणाले. ती झोपली. मी जागी राहिले. एवढं शिकून पाच वर्षांच्या मुलीला एक उत्तर देता येऊ नये? म्हणून ही गोष्ट रचली. चुकली असेल तर गार्गी सांगेलच. ती सोडत नाही.

तर, मांचूंच्या मुलखातल्या एका जंगलात हरणं राहायची. प्रत्येक हरणाच्या अंगणात एक खांब होता. खांबावर वाडगा. वाडग्यात दाणे. दाणे कावळ्यांचे.

असं का, विचाराल. फार फार पूर्वी हरणांच्या मूळपुरुषाच्या मागे लांडगे लागले होते. पळून पळून तो दमला आणि बर्फात नुसता उभा राहिला. तेवढ्यात कावळे आले आणि त्याच्या पाठीवर, शिंगांवर बसले. लांडग्यांना वाटलं, हे वठलेलं झाड आहे. ते पुढे निघून गेले. तेव्हापासून हरणं कावळ्यांना जेवू घालायची. एका दिवसात हे उपकार फिटणारे नव्हते, म्हणून रोज घालायची.

पुढे हरणं सुधारली. अंगणं गेली, तसे खांबही गेले. एकच उरला, बुहूमावशींच्या अंगणात. मांचू भाषेत बुहू म्हणजे हरीणच. आणि त्या खांबावर जेवायला येणाऱ्या कावळीचं नाव होतं गाहा. गाहा म्हणजे कावळा. नावांच्या बाबतीत तिथल्यांचं डोकं फार चालत नसे. खाण्याच्या बाबतीत मात्र चालायचं.

त्या वर्षी गाहाचं पिल्लू उशिरा जन्मलं आणि बर्फ लवकर पडला. किडे गेले, फळं गेली. उरला तो वाडगा. पिल्लाचं पोट भरलं का, कमी पडलं का, जास्त तर झालं नाही ना, हाच गाहाचा दिवसभराचा घोर. गार्गीच्या जेवणाबाबत मीही अशीच, तेव्हा यावर मी काही बोलणं बरं दिसणार नाही.

"ये गं," बुहूमावशी सकाळी हाक मारायच्या. "आज बाजरी आहे. पिल्लू कसं आहे?"

"सारखं ओरडतंय."

"ओरडू दे. ओरडतं ते जगतं."

मग एक दिवस दोबी कोल्हा आला. तो शहरात जाऊन वारसा जपण्याचं शिक्षण घेऊन आला होता. गळ्यात ओळखपत्र होतं. ते तो झोपतानाही काढत नसे. त्याने खांबाभोवती एक चक्कर मारली आणि सुस्कारा सोडला.

"मावशी, हा खांब धोक्यात आहे."

"कोणापासून रे?"

"वापरापासून."

मावशींना कळलं नाही. मग दोबीने समजावून सांगितलं. रोज दाणे ओतले की वाडगा झिजतो. कावळे चोची मारतात. शिवाय, माफ करा, पण शिटतात. (इथे मी दोबीला फार हसत नाही. आमच्या गॅलरीतल्या कावळ्याला मी याच कारणासाठी हाकलते.)

"अरे, पण तो त्यांचाच वाडगा आहे."

"अगदी बरोबर, मावशी. ही भावनाच तर जपायची आहे."

मावशींना वाटलं, शिकलेला मुलगा आहे. नाही म्हणावं तर आपण अडाणी ठरू. मुलांनो, या एका भीतीने लोकांच्या घरातून जेवढ्या वस्तू गेल्या, तेवढ्या चोरांनीही नेल्या नसतील.

"आणि दाण्यांचं काय?" त्यांनी हळूच विचारलं.

"तेही जपू," दोबी म्हणाला.

वस्तुसंग्रहालय मोठं झोकात उघडलं. समितीचे अध्यक्ष लेफू अस्वल होते. ते हिवाळाभर झोपायचे आणि समितीला असाच अध्यक्ष हवा होता. त्यांनी फीत कापली, "वारसा म्हणजे आपली मुळं," एवढं म्हटलं आणि ते आडवे झाले. खांब काचेच्या दालनात उभा केला होता. खऱ्या बाजरीला कीड लागते, म्हणून प्लॅस्टिकची बाजरी करवून घेतली होती. ती वाडग्यात गोंदाने चिकटवली होती. अशा रीतीने दाणेही जपले गेले.

दुसऱ्या दिवशी गाहा अंगणात आली तर खांबाच्या जागी खड्डा. मावशी हातात सूप घेऊन खड्ड्याकडे बघत उभ्या होत्या.

"तिकडे जा गं," त्या म्हणाल्या. "दाणे तिथे ठेवणार म्हणालाय दोबी."

गाहा गेली. दारावर पाटी होती: 'वारशाला चोच लावू नये.' तिच्याखाली दुसरी: 'पक्ष्यांना प्रवेश नाही.' तिने काचेवर टकटक केलं. दोबी बाहेर आला.

"या, ताई! हे सगळं तुमच्याच सन्मानासाठी आहे."

"माझं पिल्लू उपाशी आहे."

"आधी फलक तर वाचा. पहिली ओळच तुमच्यावर आहे."

गाहाने काचेतून वाचलं: 'प्राचीन काळी या पात्रात कावळ्यांना अन्न दिले जात असे.'

"प्राचीन काळी कुठलं? परवाच जेवले मी यात."

"तेच ना," दोबी प्रेमाने म्हणाला. "आता नाही जेवत. झाला इतिहास."

गाहा घरट्याकडे परतली. रानात काही मिळेना. पिल्लू आधी मोठ्याने ओरडलं, मग बारीक आवाजात, मग ओरडायचं थांबलं. पिल्लू रडत असलं की आईला झोप येत नाही. ते रडायचं थांबलं की तिला श्वास घेता येत नाही.

इकडे प्रेक्षक कुरकुर करू लागले. खांब आहे, वाडगा आहे, कावळा कुठाय? दोबीने अध्यक्षांना हलवलं. ते कुशीवर वळले. सभा झाली असं ठरलं. दोबी थेट गाहाच्या झाडाखाली आला.

"ताई, तुमच्यासाठी काम आहे. खांबावर बसायचं. हलायचं नाही, पंख फडकवायचे नाहीत, ओरडायचं तर मुळीच नाही."

"आणि खायचं?"

"खाल्ल्यासारखं दिसायचं."

"मला पगार नको. पिल्लापुरती मूठभर खरी बाजरी द्या."

"ठराव मांडतो. साहेब उठले की लगेच."

"कधी उठतात?"

"बर्फ वितळला की."

तरीही गाहा गेली. आशा वेडी असते म्हणतात. ती वेडी नसते, उपाशी असते. गाहा काचेच्या आत वाडग्याच्या काठावर बसली. समोर पिवळीधमक बाजरी होती. न राहवून तिने चोच मारली. दाणा टणक लागला आणि चोचीला गोंद चिकटला. बाहेर एक ससीण आपल्या पोरांना सांगत होती, "खोटा असणार रे. किती रोडावलाय बघ. खरे कावळे चांगले गुबगुबीत असतात."

दोबीने ते ऐकलं. दालन रिकामं झाल्यावर तो आत आला.

"ताई, तुम्हाला इथे कायमची जागा देता येईल."

"कायमची म्हणजे?"

"आत भुसा, डोळ्यांत मणी. मग भूक नाही, थंडी नाही, मरण नाही." त्याने डोकं तिरपं करून वाडग्याकडे पाहिलं. "आणि पिल्लूही शेजारी बसवू. सहकुटुंब फार छान दिसेल."

मुलांनो, कावळी भित्री असते. पिल्लाचं नाव निघेपर्यंत. गाहाने दोबीच्या गळ्यातलं ओळखपत्र चोचीने असं ओढलं, की तो पाटीवर जाऊन आपटला. उघड्या दारातून ती उडाली. घरट्यातलं पिल्लू तिने पायात उचललं आणि सरळ बुहूमावशींच्या अंगणात उतरली.

मावशींनी पिल्लाकडे पाहिलं. त्या घरात गेल्या आणि जे हाताला लागलं ते घेऊन आल्या. हंड्यावरचं फुटकं, काजळी धरलेलं झाकण. ते त्यांनी सरपणाच्या ढिगावर उलटं ठेवलं आणि त्यात बाजरी ओतली.

"खांब नाही गं आता," त्या ओशाळून म्हणाल्या. "रीत मोडली खरी."

गाहा ऐकतच नव्हती. ती दाणे चोचीत भरडून मऊ करत होती आणि पिल्लाच्या चोचीत घालत होती. एक दाणा. आणखी एक. मग पिल्लाने चोच वासली आणि सगळं अंगण डोक्यावर घेतलं. दोघी ते ओरडणं ऐकत उभ्या राहिल्या.

दोन-चार दिवसांनी दोबी पुन्हा तिकडून चालला होता. त्याची नजर झाकणावर गेली आणि त्याने सवयीने सुस्कारा सोडला.

"मावशी, हे काय आहे?"

मावशींनी त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याही आता शिकल्या होत्या.

"झाकण आहे. फुटकं."

"याला काही परंपरा वगैरे?"

"कसली रे परंपरा? कचरा आहे. उकिरड्यावर टाकणार होते."

"आणि हे कावळे?"

"कचरा म्हटला की कावळे येणारच."

दोबीचा चेहरा पडला. तो गेला. झाकण वाचलं.

वस्तुसंग्रहालयानेही तोड काढली. शेतातल्या बुजगावण्याचे काळे कपडे फाडून त्यांचा कावळा शिवला. म्हणजे ज्याला बघून कावळे पळायचे, तोच कावळा झाला. खाली पाटी लावली: 'कावळा (प्रातिनिधिक).' वसंतात त्या संस्थेला 'जिवंत परंपरा' पुरस्कार मिळाला. लेफूसाहेबांनी तो जांभई देत स्वीकारला.

तात्पर्य: एखादी गोष्ट मनापासून जपायची असेल, तर चारचौघांत तिला कचरा म्हणावं. जाणकारांची दृष्ट लागत नाही.

हे तात्पर्य लहान मुलांना सांगावं की नाही, याचा मी बराच विचार केला. मग गार्गीला वाचून दाखवलंच. ती गॅलरीच्या दाराकडे बघत होती. मला वाटलं, दृष्ट लागणं म्हणजे काय ते विचारेल. मी उत्तर जुळवून ठेवलं होतं.

ती म्हणाली, "आई, आपलं फुटकं झाकण कुठंय?"