गव्हाणेबाईंच्या रागावर वाढलेला स्फटिक

टेकडीवरच्या प्रयोगशाळेत नायट्राइडचे स्फटिक माणसाच्या रागावर वाढत, आणि त्या कामावर इंदुमती गव्हाणे यांची रीतसर नेमणूक झालेली होती.

बाकी सगळं पुस्तकात असतं तसंच. पुरुषभर उंचीची जाड टाकी. आत अमोनिया, इतका तापवलेला आणि दाबलेला की तो धड द्रव नाही, धड वायू नाही. टाकीच्या थंड भागात कच्चा माल त्यात विरघळायचा आणि गरम भागात, तारेला टांगलेल्या स्फटिकाच्या इवल्या बीजावर, कणाकणाने जमायचा. पण भिंतीपलीकडच्या खुर्चीवर कोणी रागावून बसलं नाही, तर वाढ शून्य. शास्त्रज्ञांनी स्वतः बसून पाहिलं होतं. त्यांचा राग चहा येईपर्यंत टिकायचा. बाईंचा लोणच्यासारखा मुरायचा.

नियम दोनच. झाकण उघडेपर्यंत आवार सोडायचं नाही, मोबाइल फाटकावर जमा. आणि वाईट बातमी त्याच दिवशी कळवायची, चांगली झाकण उघडल्यावर.

बाईंनी आधीच बजावलं होतं, "माझ्या रेवतीचं पहिलं बाळंतपण आहे. एकुलती एक लेक. माहेरीच व्हायला हवं."

"साठ दिवसांत मोकळ्या व्हाल," संचालक केळशीकर म्हणाले होते. साठाव्या दिवशी त्यांनी मापकाचा काटा पाहिला आणि म्हणाले, "वाढ झकास आहे. अजून तीस दिवस."

बाईंनी रजेचा अर्ज दिला. प्रशासन अधिकारी साठम तो हातात घेऊनच आले.

"नामंजूर."

"कारण?"

"कारण दिलं तर तुमचं थोडंफार समाधान होईल. ते आपल्याला परवडणार नाही."

"अहो, पोरीचे दिवस भरत आलेत! माहेर म्हणजे मी. मीच इथे, तर ती यायची कुणाकडे? भिंतींकडे?"

साठमांनी काट्याकडे पाहिलं. "उत्तम. असंच बोलत राहा."

आता काय म्हणावं या माणसाला? मेल्याला घरी आई-बहीण होती की नव्हती, कोण जाणे.

त्रेसष्टाव्या दिवशी साठमांनी खणखणीत आवाजात वाचून दाखवलं, "मुलीला फलटणला सासरीच ठेवलं आहे. विहीणबाई म्हणाल्या, आईला लेकीपेक्षा दगड प्यारा. पोच म्हणून इथे सही करा." बाईंनी सही अशी केली की कागद फाटला. त्या आठवड्यात विक्रमी वाढ झाली.

मग काहीच कळेना. वाईट बातमी आली नाही, म्हणजे सगळं नीट असावं, असं बाई मनाशी म्हणाल्या. लगेच साठम धावत आले.

"बाई, आशा धरू नका. काटा खाली आला."

"आशासुद्धा धरू नको?"

"झाकण उघडल्यावर धरा की. आम्ही कुठे नाही म्हणतो?"

काटा पुन्हा वर गेला.

नव्वदाव्या दिवशी झाकण उघडलं. डाग नाही, तडा नाही, तळहाताएवढा स्वच्छ स्फटिक. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साठमांनी बाईंपुढे पेढ्यांचा पुडा धरला. पेढ्यांवर बुरशी धरली होती.

"अभिनंदन. आपल्याला नात झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप."

"कधी?"

"एकाहत्तराव्या दिवशी."

"एकोणीस दिवस तुम्ही हे उरावर घेऊन बसलात? मी रात्रंदिवस तिळतिळ तुटत होते! बारसं?"

"झालं."

"नाव काय ठेवलं?"

"ते दुसऱ्या पत्रात आहे. त्यावर साहेबांची सही व्हायचीय."

बाईंनी पुडा बाजूला सारला. तबकातला स्फटिक करकरला आणि वीतभर वाढला.

"अमोनियाशिवाय!" केळशीकर आनंदाने ओरडले आणि पट्टी आणायला धावले. बाईंनी फाटकावर मोबाइल घेतला आणि फलटणची एसटी धरली. चार तास त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

रेवतीने दार उघडलं. "आलीस?" एवढंच म्हणाली. मग तिला राहवेना. "कळा सुरू झाल्या तेव्हा मी तुलाच हाका मारत होते गं."

बाईंना हुंदका आवरेना. लेकीला पोटाशी धरून, आतल्या पाळण्याकडे बघत त्यांनी विचारलं, "नाव काय गं हिचं?"

"चारुता. लिहिलं होतं ना तुला."

दुसऱ्या दिवशी सकाळी साठमांचा फोन आला. "बाई, स्फटिकाने दार अडवलंय. साहेब आत आहेत. छिन्नी चालत नाही. खिडकीएवढी जागा उरलीय. कृपा करून शांत व्हा."

"तसं शांत होता येतं होय?"

"प्रयत्न तरी करा!"

"करीन. आज नाही जमायचं. नातीला न्हाऊ घालायचंय, मग धुरी द्यायचीय, मग रेवतीला शेक. साहेबांना खिडकीतून डाळभात द्या."

"पण कधीपर्यंत?"

बाईंनी फोन ठेवला, पाटावर बसून पाय लांब केले आणि चारुताला पायांवर पालथी घेतली. पाणी कोमट आहे ना, ते कोपर बुडवून पाहिलं. राग होता तिथेच होता. त्यांनी हलक्या हाताने तिच्या पाठीला तेल लावायला घेतलं.