मास्तरांची दोन पेडलं

"ऑटोमॅटिक? त्यापेक्षा मी पायी हिंडेन!" मास्तर एवढ्या मोठ्याने म्हणाले की शोरूमचा सेल्समन दोन पावलं मागे सरकला.

समोर दोन लाल स्पोर्ट्‌स कार उभ्या होत्या. दिसायला सख्ख्या बहिणी. एक गिअरची, दुसरी ऑटोमॅटिक. मास्तरांचा उभा जन्म ड्रायव्हिंग स्कूल चालवण्यात गेलेला. निवृत्त झालो की अशी गाडी घ्यायची, आणि गिअरचीच घ्यायची, हे त्यांनी कधीचं ठरवून टाकलं होतं.

"अहो, ऑटोमॅटिक घेऊ या. दोघांनाही चालवता येईल," बायको म्हणाली.

"दोघांना? अगं, तुला शिकवायला घेतलं तर दुसऱ्याच दिवशी माहेरी गेलीस!"

"ओरडलात म्हणून गेले."

खरं सांगायचं तर मास्तरांना गिअर हवा होता तो यासाठीच. गाडीला बायकोचा हात लागायला नको. हे अर्थातच ते बोलले नाहीत. ऐटीत स्टिअरिंगमागे बसले. शेजारी सेल्समन, मागच्या नावापुरत्या सीटवर अंग चोरून बायको.

आणि इथेच घोटाळा झाला. शेजारी बसून शिकवणाऱ्याच्या पायाशी दोनच पेडलं असतात, क्लच आणि ब्रेक. वर्षानुवर्षं मास्तरांच्या पायांनी एवढंच केलं होतं. गाडीने जरा वेग घेतला की दोन्ही पाय दाणकन खाली! गाडी चालवायचे ते विद्यार्थी. मास्तर तर भाजी आणायलासुद्धा विद्यार्थ्यालाच घेऊन जायचे.

रस्त्यावर येताच गाडीने डरकाळी फोडली. दाणकन! सेल्समन पट्ट्यासकट पुढे आला.

"सर, का थांबलात?"

"मी कुठे थांबलो? पाय थांबले."

पुन्हा डरकाळी, पुन्हा दाणकन. ऐन चौकात मास्तरांनी घाबरून क्लच सोडला आणि गाडी बंदच पडली. मागे हॉर्नचा गदारोळ उठला. त्या गर्दीतले निम्मे चालक मास्तरांच्याच हाताखालून गेलेले.

"मास्तर, क्लच हळूहळू सोडा!" एकाने काच खाली करून सांगितलं.

"घाबरू नका मास्तर, सुरुवातीला सगळ्यांचंच असं होतं!" दुसरीने धीर दिला.

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उतरा बघू," मागून बायको म्हणाली.

"अगं, गिअरची आहे ही!"

"दिसतंय मला."

तिने गाडी सुरू केली, पहिला टाकला, दुसरा टाकला, आणि गाडी लोण्यासारखी चौकाबाहेर पडली. सेल्समनने डोळे उघडले. मागे अवघडून बसलेले मास्तर रिकाम्या जागेत पाय दाबत होते.

"कुठे शिकलीस?" त्यांनी विचारलं.

"पुलापलीकडच्या क्लासमध्ये."

"त्याच्याकडे? त्या गाढवाला मीच शिकवलंय!"

"तो सांगतो ना तसं. तुमचंच सगळं शिकवतो. फक्त ओरडत नाही."

मास्तरांना राग आला होता, आणि रागापेक्षा जास्त लाज वाटत होती. बायको मात्र वळणावर गिअर उतरवताना इतकी खुशीत हसत होती, की तसं हसताना त्यांनी तिला फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

शोरूममध्ये परतल्यावर सेल्समनने चाचरत विचारलं, "मग सर, ऑटोमॅटिकच ना?"

"गिअरची. हिच्या नावावर करा."

"आणि तुम्ही?"

मास्तरांनी बायकोला हळूच बाजूला घेतलं.

"काय गं, तो पुलापलीकडचा नक्की ओरडत नाही ना?"