आतली कडी

गावस सर स्वतःच्याच वर्गाचं दार वाजवून आत येत. वर उंबऱ्याशी थांबून विचारत, "येवूं भितर? हरकत ना मूं?" एकदा सहावीतल्या वांड पोरांनी एका सुरात "नाका!" म्हटलं, तर सर चित्रकलेचे कागद बगलेत धरून अख्खा तास व्हरांड्यात उभे. हेडबाई फेरीला आल्या.

"सर, तुमी भायर कित्याक?"

"वर्गान परवानगी दिवंक ना, मॅडम."

हे त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं, की हेडबाईंना रागवायचं सुचलंच नाही.

साखळी गावाजवळच्या आमच्या शाळेत मुलांच्या हक्कांचं परिपत्रक आलं, तेव्हा सर रजा घेऊन मांद्र्याला बहिणीकडे गेले होते. नको असलेलं काम गैरहजर माणसाच्या नावावर लिहायची आमच्याकडे जुनी रीत आहे. तसं हेही त्यांच्या गळ्यात पडलं. आमच्या हाती आलं असतं तर ते फाइलीत जाऊन झोपलं असतं. सरांनी ते चक्क पाठ केलं. "हक्क म्हळ्यार प्रसाद न्हय, बाई, हात फुडें केल्यार मेळपाक," असं ते चहा पितानाही ऐकवत.

बिस्किटांच्या डब्याला फट पाडून त्यांनी तक्रारपेटी केली. दर शुक्रवारी शेवटच्या तासाला फणसाखाली सुनावणी. पहिली तक्रार, दुपारच्या भाजीत बटाटा सापडत नाही. दुसरी माझ्यावर: 'गणिताच्या बाई हसत नाहीत.'

बावीस वर्षं नोकरी झालेली मी, पाचवीच्या बाकावर गुडघे हनुवटीला टेकवून बसले.

"बाई, तुमचें कितें म्हणणें?"

"अपूर्णांकांत हसण्यासारखं काय आहे?" मी फणकारले. पोरं खदखदली, मलाही हसू फुटलं आणि सरांनी तक्रार निकालात काढली. तरी खरं सांगते, दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

मग एका शुक्रवारी एक निनावी चिठ्ठी निघाली. 'मुलींच्या संडासाला कुलूप असतं. म्हणून मी शाळेत पाणी पीत नाही.'

तपासणीला कोणी आलं तर संडास स्वच्छ दिसावा म्हणून किल्ली ऑफिसात असे. ती सगळ्यांदेखत शिपायाकडे मागावी लागे. हे मला ठाऊक होतं. शिक्षकांचा संडास वेगळा होता, म्हणून मी गप्प होते. आजही त्याची लाज वाटते.

सरांनी चिठ्ठी दोनदा वाचली, उठले, हातोडी आणली आणि कुलूप फोडलं. वर्गात शिरायलाही परवानगी मागणाऱ्या माणसाने त्या दिवशी कोणालाच विचारलं नाही. हेडबाईंनी लेखी खुलासा मागितला. सर म्हणाले, "शुक्रवारीं दितां."

शुक्रवारी पेटीत एकच तक्रार होती, वळणदार अक्षरात: 'दामू गावस यांनी परवानगीविना शाळेचं कुलूप फोडलं. तक्रारदार, दामू गावस.' सर स्वतः बाकावर जाऊन बसले आणि न्यायाधीश मला केलं. हेडबाई खुर्ची टाकून बसल्या.

सातवीतली एक मुलगी उठली. "सर, तुमी सगळ्यांक विचारतात. हेडबायेक कित्याक विचारूंक ना?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "म्हजी व्हडली भयण सुमन सातवेंतसून शाळेंत वचपाची बंद जाली. आमी म्हणटाले, तिका अभ्यास जमना. ती चिठ्ठी वाचली आनी म्हाका तीच दिसली, विचारीत रावपाक जालें ना. आयतारा मांद्र्यां वचून तिका विचारलें. हय म्हणाली, हेंच कारण. तेन्ना तिका कोणेंच विचारूंक नासलें. हांवेंय ना."

हेडबाईंनी खुलासा मागणारा कागद पर्समध्ये ठेवला.

मी निकाल द्यायला तोंड उघडलं, तर तीच मुलगी म्हणाली, "बाई, त्या दाराक भितरल्यान कडीच ना."

बाहेरून एवढं थोरलं कुलूप आणि आतून साधी कडी नाही! आम्हा शिकल्यासवरल्यांच्या हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. सरांना शिक्षा झाली, कडी बसवायची.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, शाळा सुटल्यावर सर स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले. बरोबर अबोली माळलेल्या, साठीच्या सुमनताई. आत कोणी नाही हे दिसत असूनही सरांनी आधी दार वाजवलं, मगच कडी बसवली. मग बाजूला झाले. "लावून पळय गे, बाय."

ताई आत गेल्या. कडी सरकल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. मला काळजी वाटली. दार वाजवायला मी हात उचलला, तर सरांनी तो हलकेच अडवला. त्यांचे डोळे भरले होते.

"वाजयनाकात, बाई," ते म्हणाले. "रावूं दी तिका, जाय तितलो वेळ."