बंद घड्याळाची वेळ

"आज एकाही घड्याळाला हात लावायचा नाही. लावलात, तर मी एकटी बसमध्ये बसून थेट माहेरी जाईन," घड्याळजींच्या बायकोने तलावाकाठच्या उद्यानाच्या फाटकातच बजावलं. कित्येक वर्षांनी दुकान बंद ठेवून नवरा फिरायला आला होता. हा एक दिवस तिला सबंध हवा होता.

"नाही गं लावत," घड्याळजी म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले.

टेकडीच्या पायवाटेने तलावाला वळसा घालेपर्यंत त्यांनी शब्द पाळलाही. एका अनोळखी माणसाचं मनगटी घड्याळ पाच मिनिटं मागे पडलेलं दिसलं, तरी बिचारे मान फिरवून पुढे चालत राहिले. पण पायवाट संपली तिथे एक जुनं ऐतिहासिक घर होतं, आणि दिवाणखान्यात माणसाच्या उंचीचं लंबकाचं घड्याळ. बंद!

बायको स्वयंपाकघर बघायला आत गेली. घड्याळजींनी हात आधी खिशात घातले, मग पाठीमागे बांधले. रडतं मूल बघून पुढे निघून जाणं कुणाला जमतं? त्यांनी घड्याळाचं दार उघडलं, अडकलेलं चाक नखाने सोडवलं, किल्ली दिली, काटे बरोबर वेळेला लावले. टिकटिक सुरू झाली आणि त्या भल्या माणसाचे डोळे पाणावले.

तेवढ्यात घर दाखवणारे गाईड धावत आले. "काका, काय केलंत हे! मालकांनी प्राण सोडला त्या क्षणी ते थांबवलं होतं. लोक ते बघून रडतात हो!"

घड्याळजी घाईने काट्यांकडे वळले. "काटे होते तिथे नेतो. किती वाजले होते?"

"तुम्ही बघितलं असेल ना?"

"मी चाकं बघितली. बंद घड्याळात वेळ कोण बघतं?"

"आणि मी रोज लोकांकडे तोंड करून गोष्ट सांगतो. घड्याळ माझ्या पाठीमागे!"

"कुठे फोटो वगैरे?"

"बंदी आहे. मीच कुणाला काढू देत नाही." गाईड रडकुंडीला आले. पुढची मंडळी पायऱ्या चढत होती.

दारात बायको उभी होती. तिने उघडं घड्याळ बघितलं, नवऱ्याची काळी झालेली बोटं बघितली. घड्याळजींना डोळ्यांसमोर माहेरची बस दिसू लागली.

"पावणेपाच," ती शांतपणे म्हणाली. "मघाशी आत जाताना बघितलं मी."

काटे फिरले, लंबक थांबला. गाईडनी घड्याळाकडे पाठ करून गोष्ट सांगितली आणि दोघीतिघींनी रुमाल काढले.

तलावाकाठच्या बाकावर बसल्यावर घड्याळजी चाचरत म्हणाले, "चुकलंच माझं. पण तुझ्यामुळे अब्रू वाचली. बरी लक्षात राहिली वेळ!"

"मी ढुंकूनसुद्धा बघितलं नव्हतं."

"मग पावणेपाच?"

"आपल्या लग्नाच्या दिवशी वाटेत कुणाचं तरी घड्याळ दुरुस्त करत बसलात आणि उशिरा दारात उगवलात, ती वेळ. मी नटूनथटून भिंतीवरच्या काट्यांकडे बघत बसले होते." तिने त्यांची काळी बोटं आपल्या पदराने पुसायला घेतली. "म्हटलं, लोकांना रडायचंच आहे, तर त्या वेळेला रडू देत."