एसीचा कोट

सासूबाईंना दवाखान्यातून घरी आणायच्या आदल्या दिवशी शिंप्याची बायको त्याच्या शिलाई मशीनपाशी येऊन उभी राहिली आणि तिने त्याला स्पष्टच सांगितलं. आईच्या पोटाचं ऑपरेशन झालंय, डॉक्टर म्हणालेत उकाड्यात ठेवू नका. ताईकडे खोलीगणिक एसी आहे, आपल्याकडे एकच आणि तोही जुनापुराणा. आईला इथे उकडलं की ताई गाडी पाठवून तिला घेऊन जाणार, आणि ताईचं गाव काही पलीकडच्या गल्लीत नाही. "मला आई इथे हवीय," एवढं म्हणून तिने डोळे पुसले, म्हणजे विषय संपला.

शिंप्याने लगोलग एसीवाल्याला फोन लावला. तो कुणाच्या तरी गच्चीवर काम करत होता. त्याने घाईघाईत सांगितलं, एसी सव्वीसवर ठेवा, जोडीला पंखा लावा, खोलीच्या फटी बुजवा, आणि गॅलरीतल्या त्या बाहेरच्या डब्याला दुपारचं ऊन लागू देऊ नका.

आता दुसऱ्या कुणी डब्याच्या वर एखादा पत्रा टाकला असता. पण हा पडला शिंपी, तोही सूट शिवणारा. तो टेप घेऊन गॅलरीत गेला आणि त्याने डब्याची मापं घेतली. उंची, घेर, खांदा. डब्याला खांदा कुठला, असं बायकोने विचारूनही पाहिलं. संध्याकाळपर्यंत पांढऱ्या जाड कापडाचा, अस्तर लावलेला, सहा बटणांचा कोट तयार झाला. पाइपासाठी बाजूला काजही ठेवलं होतं. कोट असा चपखल बसला की नावाला सुरकुती नाही. शिंपी दोन पावलं मागे सरून बराच वेळ बघत राहिला.

सासूबाई आल्या. ऑपरेशन झाल्यापासून त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं, आणि जावयाच्या घरी ते परत येण्याचं काही कारण नव्हतं. दुपार होताच खोली तापू लागली. त्या नुसत्या पदराने वारा घेत राहिल्या. ते बघून शिंप्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गारवा फटींतून पळतोय, असा त्याने निष्कर्ष काढला. मग खिडकीच्या कडांना मखमलीच्या पट्ट्या आल्या, तिपदरी पडदे आले, दाराखाली कापूस भरलेली लांबलचक उशी आली. दार इतकं घट्ट बसायला लागलं की चहा आत न्यायचा तर खांद्याने धक्का मारावा लागे. तरी उकडायचं ते उकडतच होतं. बायकोने एसी अठरावर नेला. बाहेरचा डबा कण्हायला लागला. शिंपी धावत गॅलरीत गेला, तर कोटाचं वरचं बटण सुटलेलं. तेही त्याने लावलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी एसी बंदच पडला. सासूबाईंनी लेकीकडून ताईला फोन लावून घेतला. सकाळी गाडी येणार असं ठरलं. बायको शिंप्याशी बोलायची थांबली, आणि त्याने पुन्हा एसीवाल्याला फोन लावला.

संध्याकाळी एसीवाला आला आणि गॅलरीत जाऊन त्याने कोटाकडे बोट केलं.

"हे काय आहे?"

"कोट. तुम्हीच म्हणालात ना, ऊन लागू देऊ नका."

"अहो, वर सावली करा म्हणजे. खोलीतली गरमी हा बाहेर फेकतो. तुम्ही त्याचं नाकतोंड बांधलंत, वर अस्तर पण लावलंत?"

"अस्तर सुती आहे," शिंपी हळूच म्हणाला.

कोट उतरवला, डबा निवू दिला, तासाभराने एसी सुरू केला तर गार हवा यायला लागली. काही जळलं नव्हतं. एसीवाल्याने कोट हातावर घेतला आणि दाराला खांदा देऊन तो खोलीत आला. सासूबाईंनी चष्मा लावून कोट उलटासुलटा पाहिला.

"जावईबापू, याला कॉलर कशाला?"

"कॉलरशिवाय खांदा उठून दिसत नाही, आई."

सासूबाईंचा आधी ओठ हलला, मग खांदे. मग त्यांनी उशी पोटाशी घट्ट धरली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. टाके उसवतील म्हणून बायको आणि शिंपी दोघंही त्यांना आवरायला धावले, पण त्यांची नजर पुन्हा कॉलरवर गेली आणि सगळं पहिल्यापासून सुरू झालं.

उजेड होता तोवरच शिंप्याने कोट उसवला आणि डब्याच्या हातभर वर त्याचं छत ताणलं, चारी बाजू मोकळ्या ठेवून. बुजवलेल्या फटी आता कामी आल्या. सव्वीसवर आणि पंख्यावर खोली अशी गार झाली की सासूबाईंनी चादर मागितली. शिंप्याचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच, कारण गाडी यायची होती.

सकाळी ती आली. ड्रायव्हर बॅग उचलायला वाकला तशी सासूबाईंनी बॅगेवर हात ठेवला.

"ताईला सांग, तुझ्याकडे गारवा पुष्कळ आहे गं. पण घरातले सगळे फार शहाणे. तिथे मला हसू कशाचं येणार?"

हे आपलं कौतुक झालं की दुसरंच काही, ते शिंप्याला कळेना. पण बायको हसत हसत बॅग आत घेऊन चालली होती, म्हणून त्याने काही विचारलं नाही.