दहा पराभवांचं सुवर्णपदक

डेकॅथलॉन या क्रीडाप्रकारात आंतरराष्ट्रीय सुवर्णपदक मिळवून परतलेल्या खेळाडूचा सत्कार करण्यास क्रीडा संचालनालयाची तत्त्वतः हरकत नव्हती. हार सांगून ठेवला होता, खुर्च्या मांडून झाल्या होत्या आणि उपसंचालकांचं भाषण त्यांना पाठ झालं होतं. त्यात एकच जागा रिकामी होती. 'अमुक प्रकारात प्रथम क्रमांक पटकावून' असं वाक्य होतं आणि त्यातला अमुक भरायचा राहिला होता. म्हणून समारंभ सुरू होण्याआधी उपसंचालकांनी खेळाडूला आपल्या खोलीत बोलावून घेतलं.

"कशात पहिले आलात?"

"डेकॅथलॉनमध्ये, साहेब."

"ते झालंच हो. पण त्यात दहा प्रकार असतात म्हणे. त्यातल्या कशात?"

खेळाडू स्वभावाने सरळ होता आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. त्याने सांगून टाकलं, की शंभर मीटर धावण्यात तो तिसरा आला, लांब उडीत दुसरा, गोळाफेकीत पाचवा, अडथळ्यांच्या शर्यतीत चौथा, भालाफेकीत पुन्हा दुसरा. बाकीच्या पाचांतही असंच मागेपुढे. पण प्रत्येक प्रकाराला गुण असतात, त्या गुणांची बेरीज करतात आणि बेरजेत तो पहिला.

उपसंचालकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे दहाही वेळा तुमच्या पुढे कोणी ना कोणी होतं."

"हो साहेब. पण दर वेळी वेगळा माणूस होता."

"म्हणजे तुम्हाला हरवणारे बरेच आहेत."

सत्कार पुढे ढकलण्यात आला. आणलेला हार वाया जाऊ नये म्हणून तो उपसंचालकांच्याच गळ्यात घालण्यात आला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सत्काराचं खेळाडूला फारसं वाटलं नाही. त्याचा जीव अडकला होता तो पुढच्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेत. तिथे एकदा उतरायचं म्हणून त्याने तारुण्य मैदानावर घालवलं होतं, आणि आता गुडघे जेमतेम तेवढ्याच स्पर्धेपुरते साथ देतील असं डॉक्टर म्हणाले होते. त्यानंतरची स्पर्धा त्याच्या नशिबात नव्हती. आणि या स्पर्धेत नाव जायचं तर संचालनालयाची शिफारस लागत होती. शिफारस मागायला तो गेला तेव्हा कळलं, की ती चौकशीअंती देण्यात येईल.

"कसली चौकशी?"

"दहा पराभवांतून उद्भवलेल्या विजयाची," कारकून म्हणाला. त्याने खुर्चीही पुढे केली. चौकशी चालू असलेल्या माणसाशी तो नेहमीच अदबीने वागत असे.

चौकशी समितीत लेखाधिकारी होते. त्यांनी पहिल्याच बैठकीत मुद्द्याला हात घातला. धावण्याचा निकाल सेकंदांत येतो आणि उडीचा मीटरमध्ये. सेकंद आणि मीटर यांची बेरीज करता येत नाही, हे शाळेत शिकवतात. सबब ही बेरीजच अनियमित आहे. खेळाडूने गुणांचा तक्ता समजावून सांगितला, तेव्हा लेखाधिकारी म्हणाले, "तक्ता ठीक आहे. पण तो आमच्या कार्यालयाने मंजूर केलेला नाही."

मग फोटो निघाला. डेकॅथलॉनमध्ये एक सुरेख पद्धत आहे. दोन दिवस एकमेकांशी झुंजून झाल्यावर, शेवटची शर्यत संपली की सगळे स्पर्धक हातात हात घालून मैदानाला एक फेरी मारतात. पहिला आणि शेवटचा शेजारी शेजारी चालतात. त्या फेरीचा फोटो उपसंचालकांनी समितीपुढे ठेवला.

"हे तुमच्या गळ्यात पडून कोण रडतंय?"

"दुसरा आलेला, साहेब. मित्र आहे माझा."

"हरलेला माणूस जिंकलेल्याला मिठी मारतो? आणि तुम्हाला यात काहीच संशयास्पद वाटत नाही?"

'प्रतिस्पर्ध्यांशी सलोख्याचे संबंध' असं एक कलम चौकशीत वाढवण्यात आलं.

घरी मामा येऊन बसले होते. त्यांना भाच्याचा अभिमान होता, पण तो चारचौघांत सांगता येत नसल्यामुळे त्यांची फार कुचंबणा होत असे. "लोक विचारतात रे, भाचा काय करतो? धावतो म्हणावं तर उड्या मारतो. उड्या मारतो म्हणावं तर गोळा फेकतो. एकाच गोष्टीच्या मागे लागला असतास तर आज आम्हाला तोंड वर करून फिरता आलं असतं."

"मामा, सुवर्णपदक मिळालंय त्याला," त्याची बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. ती डोळ्यांच्या दवाखान्यात परिचारिका होती आणि दिवसभर लोकांना समोरची अक्षरं वाचायला लावून कंटाळलेली असे.

"ते मिळालंय गं. पण कशाबद्दल?"

अखेर समितीचा निर्णय आला. तो उदार होता. मागच्या दहा पराभवांबद्दल कारवाई न करता खेळाडूला एक संधी देण्यात येत होती. निवड चाचणीत दहापैकी कोणत्याही एका प्रकारात त्याने प्रथम क्रमांक मिळवावा. शिफारस त्याच दिवशी हातात पडेल.

"त्यांना एक पहिला नंबर हवाय ना? देऊन टाक," प्रशिक्षक म्हणाले. "पंधराशे मीटर शेवटी असतं. तोवर सगळ्यांची हाडं खिळखिळी झालेली असतात. ज्याने आधीच्या नऊ प्रकारांत काहीच केलं नाही, तो आरामात पहिला येईल."

"आणि बेरीज?"

"बेरीज मागितलीय का कोणी?"

बायको म्हणाली, "नको करूस. तुझं तुलाच आवडणार नाही." ते त्यालाही कळत होतं. पण शिफारस डोळ्यांसमोर होती.

चाचणीत त्याने शंभर मीटर रमतगमत पार केलं. लांब उडीत फळीवरून वाळूत उतरला, शेजारच्या ओट्यावरून उतरावं तसा. गोळा पायाजवळ ठेवला. बांबूच्या उडीला मात्र त्याने आपली पाळी येईपर्यंत वर पाहिलं नाही. ही उडी त्याची सगळ्यात लाडकी. वर गेल्यावर एक क्षण माणूस कुणाचाच नसतो, असं तो बायकोला सांगत असे. त्याने सर्वांत खालची उंची ओलांडली, बांबू ठेवून दिला आणि मंडपामागे जाऊन रडला.

संध्याकाळी पंधराशे मीटरमध्ये तो सगळ्यांच्या पुढे, दमही न लागता पोहोचला. उपसंचालक मैदानावर धावत आले. मामांनी आयुष्यात पहिल्यांदा भाच्याला मिठी मारली. "पंधराशे मीटर," ते भेटेल त्याला सांगत होते, "पहिला." हार घातला गेला, भाषण झालं, रिकामी जागा भरली. बाकीचे स्पर्धक हातात हात घालून फेरी मारायला निघाले, तेव्हा तो पत्रकारांच्या गराड्यात होता.

शिफारस त्याच दिवशी हातात पडली. जागतिक स्पर्धेच्या आयोजकांनी ती परत पाठवली. सोबत नम्रपणे लिहिलं होतं, की आपण शिफारस केलेला खेळाडू गुणांच्या बेरजेत सर्वांत शेवटचा आहे. पहिल्या आलेल्याला पाठवायचं राहिलं आहे का?

पहिला आला होता अग्निशमन दलातला एक जवान. पण तो एकाही प्रकारात पहिला नसल्यामुळे त्याचं नाव विचारात घेण्याचा प्रश्नच नव्हता. शेवटी कोणीच खेळायला गेलं नाही. जागा रिकामी दिसू नये म्हणून उपसंचालक निरीक्षक या नात्याने सपत्नीक जाऊन आले.

आपल्या खेळाडूचे गुडघे डॉक्टरांच्या शब्दाला जागले आणि त्याची कारकीर्द संपली. पण संचालनालय कृतघ्न नव्हतं. पंधराशे मीटरमधल्या त्या विजयाची दखल घेऊन त्याला कायम नोकरी देण्यात आली. आता तो निवड समितीवर आहे. पहिल्याच बैठकीला अग्निशमन दलाचा तो जवान दार ढकलून आत आला. हाताला बांबूचे घट्टे, डोळ्यांत पुढची स्पर्धा. आपल्या खेळाडूने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कशात पहिले आलात?"

तुम्हाला त्याचा राग आला असेल. यायलाच हवा. पण परवा तुमची मुलगी शाळेच्या स्पर्धांमधून धुळीने माखून, हसत घरी आली. बूट काढता काढता मैत्रिणींबरोबर काय धमाल आली ते सांगू लागली, आणि तिचं वाक्य अर्ध्यावर तोडून तुम्ही तिला एक प्रश्न विचारलात. तो काय होता, ते तुम्हाला आठवत नसेल. तिला आठवतंय.