दोन मिनिटांचा फेटा

केंदूरच्या त्या घरात नवा डबा आला, तेव्हा प्रत्येकाचा फायदा ठरलेला होता. भारतच्या मोबाइलमधली जागा मोकळी होणार होती. त्याची बहीण सुवर्णा टीव्हीवर हवी ती गाणी लावणार होती. आणि त्यांच्या वडिलांना, मारुतरावांना, मेहुणा परत मिळणार होता.

डबा विटेएवढा. आत दोन हार्ड डिस्क, मागून एक वायर वायफायच्या राउटरला. घरातले सगळे फोटो-व्हिडिओ त्यात ठेवायचे आणि मोबाइलवर, टीव्हीवर, हवं तिथं बघायचे.

"आधी माझ्या लग्नाच्या डीव्हीडी ह्यात घेतो," भारत म्हणाला. "खराब व्हाय लागल्यात."

मारुतरावांनी कान टवकारले. त्याच लग्नात आपल्या डोक्यावर फेटा नव्हता, म्हणून भांडगावचे बापूसाहेब, म्हणजे त्यांच्या बायकोचे, शेवंताबाईंचे, सख्खे भाऊ, चौदा वर्षं ह्या घराचा उंबरा चढले नव्हते. आता पुढच्या महिन्यात सुवर्णाचं लग्न. नवरीच्या पाठीशी मामा उभा राहायला हवा, आणि मामा भांडगावात फुगून बसलेला.

"म्या सोत्ताच्या हातानं बांधला हुता फेटा!" मारुतराव म्हणाले.

"मंग माझा भाऊ काय खोटं बोलतोय व्हय?" शेवंताबाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. त्या प्रश्नालाही चौदा वर्षं झाली होती.

सकाळी कॉपी सुरू करून भारत कंपनीत गेला. घरात कुणी नसताना निळा दिवा कशाला जळतोय, म्हणून मारुतरावांनी शेतावर जाताना बटण बंद केलं. ह्या घरात थंडीत फ्रिजलाही सुट्टी असते. त्यामुळे संध्याकाळी टीव्हीवर लागलेलं लग्न अर्ध्यावरच थांबलं. पण थांबण्याआधी बापूसाहेब दिसले. डोक्यावर गुलाबी फेटा, तुरा ताठ.

मारुतरावांनी तिथल्या तिथं फोन लावला. "बापूसाहेब, पुरावा घावलाय. रविवारी या, डोळ्यांनी बघा." गरज असली की मारुतराव अहो-जाहो करत.

"येतो की दाजी," पलीकडून आवाज आला. "पर पुरतं बघणार."

शनिवारी भारतने उरलेली कॉपी पुरी केली आणि बटणावर चिकटपट्टी मारली. व्हिडिओ मात्र बघितला नाही. स्वतःचं लग्न पुन्हा बघायला धीर लागतो.

रविवारी बापूसाहेब आले, पण चपला दाराकडं तोंड करून काढल्या. मारुतराव टीव्हीशेजारी वकिलासारखे उभे राहिले.

"ह्यो बघा फेटा!"

"दिसला. फुडं जाऊ द्या."

पुढं गेलं. व्याह्यांच्या ओळखीचे, साखर कारखान्याचे एक संचालक अचानक मांडवात आले. फेटे संपलेले. पडद्यावरच्या मारुतरावांनी इकडंतिकडं पाहिलं आणि मेहुण्याच्या डोक्यावरचा फेटा टोपीसारखा अलगद उचलला. बँडवाले नेमके तेव्हाच दम खायला थांबले होते, त्यामुळे शब्द स्वच्छ ऐकू आले: "बापू, दोन मिन्टं दे रं. लगीच देतो."

आत मासवडीचा रस्सा करपायला लागला, तरी शेवंताबाई हलल्या नाहीत.

"चौदा वर्सं झाली, दाजी," बापूसाहेब म्हणाले. "दोन मिन्टं कवा भरायची?"

"डबा बंदच बरा हुता," मारुतराव पुटपुटले.

बापूसाहेब उठले. शेवंताबाईंनी पदर तोंडाला लावला. पण ते दाराकडं न जाता टीव्हीजवळ गेले.

"भारत, जरा मागं घे. फेटा हाय तिथवर."

त्यांनी तेवढाच तुकडा तीनदा पाहिला. मग हळूच म्हणाले, "शेवंते, बरा दिसत हुतो की गं."

"दिसतच हुतास दादा. आता जेवायला बस."

सुवर्णाच्या लग्नात मारुतरावांनी बारा डोकी मोजून बारा फेटे आणले. ऐनवेळी नवरदेवाकडून तेरावा मानकरी निघालाच. मारुतरावांनी सवयीनं इकडंतिकडं पाहिलं. बापूसाहेब नवरीच्या पाठीशी उभे होते. एक हात भाचीच्या खांद्यावर, दुसरा घट्ट फेट्यावर.

डब्यात आता दोन्ही लग्नं आहेत. पहिल्यात मामा बोडका, दुसऱ्यात नवरीचा बाप.